सुनेची रेघ

अहमदपुरात पैसा पुष्कळांकडं आहे, नजर एकाकडंही नाही. ड्रॉइंगचा मास्तर म्हणून इथं जन्म काढला, तेव्हा मला विचारा. महालक्ष्म्या जवळ आल्या की हीच मंडळी माझ्या दारात येतात, कारण आरासीतल्या बोटभर उंचीच्या बाहुल्या मीच रंगवतो.

यंदा आडतवाल्या शेषेरावांना आरासीत स्वतःचंच घर हवं होतं. अख्खं कुटुंब मातीचं, देवीपुढं हात जोडून. मी मनातल्या मनात नाक मुरडलं आणि काम घेतलं.

रंग कुणीही फासतो. खरं काम शेवटच्या काळ्या रेघेचं. हाताभोवती, मानेखाली, पदराच्या काठाला, डोळ्यांना, केसाएवढी बारीक. ती नसली की जरा लांबून बाहुली म्हणजे नुसतं ढेकूळ.

शेषेरावांची बायको साखराबाई काम बघायला आली. तिनं धाकट्या सुनेची बाहुली बोटानं बाजूला सारली.

"हिला रेघ नका मारू सर."

"का?"

"पुढल्या साली ही घरात असल का न्हाई, कुणाला ठाऊक. लेकरू न्हाई, बाळ न्हाई. दयानंदाला दुसरी बघून राहिलो आम्ही."

सून, उज्ज्वला, दारातच पिशवी धरून उभी होती. तिनं सगळं ऐकलं. मी म्हटलं, जशी तुमची अक्कल. असल्या लोकांशी कोण डोकं लावणार? बाहुली तशीच दिली.

महालक्ष्म्यांच्या जेवणाच्या दिवशी मलाही आमंत्रण होतं. दिवाणखान्याच्या भिंतींना भडक गुलाबी रंग, घरच्या अभिरुचीला शोभेल असा. उज्ज्वला पुरणाचं ताट घेऊन आत-बाहेर करत होती. शेषेराव तिला धडकले आणि तसेच पुढं गेले. यांच्याकडं सून म्हणजे कपाट, असं वाटून मला हसू आलं. मग दयानंदानं, तिच्या नवऱ्यानं, पाट थेट तिच्या पायावर ठेवला. ती "आई गं" म्हणाली. तो इकडंतिकडं बघत राहिला.

तेव्हा मी नीट पाहिलं. तिची साडी हिरवी होती, भिंत गुलाबी. तरी दंड कुठं संपतो आणि भिंत कुठं सुरू होते, ते मला सापडेना. चष्मा पुसला. शेजारी साखराबाई नथीच्या मोत्यापर्यंत स्वच्छ दिसत होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी माझ्या खोलीत आवाज आला.

"सर, मी हाय. उज्ज्वला."

दार उघडं होतं. ऊन आत आलेलं. मला कुणी दिसलं नाही.

"तेवढी रेघ मारा सर. सकाळपासून कुणी हाक मारली न्हाई मला. मुरुडला बापाला फोन लावला, तर ते म्हणले, कोण बोलून राहिलं?"

मेजावर तिची बाहुली आली. ठेवणारा हात दिसला नाही.

भुताखेताच्या गोष्टी अडाण्यांसाठी असतात, असं मी वर्गात कायम सांगत आलो. पण कुंचला उचलला आणि काळ्या रंगात बुडवला. बाहुलीतही मला पदर कुठला आणि हात कुठला, कळेना. अंदाजानं रेघ मारली.

रेघ वाळली.

समोर, भिंतीशी, एक काळी रेघ उमटली. मान. दंड. पदराचा काठ. दोन डोळे.

रेघेच्या आत काही नव्हतं. मागच्या भिंतीवरचं माझं कॅलेंडर आरपार दिसत होतं.

"दिसते का हो आता?"

"दिसतेस, बाई."

"बरं झालं. स्वयंपाक पडलाय," रेघ म्हणाली. तिनं पदर डोक्यावर घेतला आणि गेली.

काल साखराबाई बसस्टँडपाशी भेटली. खुशीत होती.

"दुसरी बघायचं सोडून दिलं सर. आता ही लई गुणाची झाली. खायला मागत न्हाई, उलटून बोलत न्हाई."

तिच्या मागं पिशवी धरून रेघ उभी होती. तिच्यातून मला लातूरची गाडी लागलेली दिसत होती, आणि गाडीत चढणारी माणसं.