एकदाच ऐकायचा मेसेज

लाइट गेलीच आहे, तर भाग्येशचं ऐका, पोरांनो. आपल्याच गल्लीतला, मैनाबाईंचा मुलगा. बोईसरच्या एका कारखान्यात मशीनवर असायचा. गेल्या माघातली अमावास्या होती. संध्याकाळी आईनं त्याला सुके बोंबील आणायला दांडीच्या कोळीवाड्यात पाठवलं.

तिथल्या हेमालीवर त्याचा जीव होता. ती होडीवाल्यांची पोर, हा जळगावकडचा. घरी कळतं तर दोघांची खैर नव्हती. म्हणून फोनवर बोलायचं ते असं, की वाचलं की पुसलं जाईल. दिवाळीनंतर एका रात्री तिचा व्हॉइस मेसेज आला, एकदाच ऐकता येणारा. यानं मशीनपाशीच कानाला लावला. त्या धडधडीत एक अक्षर कळलं नाही. मेसेज आपोआप पुसला गेला. सकाळी हेमाली किनाऱ्याच्या काळ्या वाळूत, खडकांपाशी मेलेली सापडली. पाय घसरला म्हणतात... अंत्ययात्रेत हा परक्यासारखा मागं उभा. तिचा एक शब्दसुद्धा त्याच्याकडं उरला नव्हता.

आणि बोंबील विकायला बसली होती तिचीच आई, मंजुळा. नेहमीचं गिऱ्हाईक म्हणून तिनं चार जास्तीचे घातले. "खात जा रे, वाळलास किती!"

हा पिशवी गाडीला अडकवून निघाला. अंधार पडला होता. सुरूच्या बनापाशी खिशात फोन थरथरला.

हेमाली.

व्हॉइस मेसेज. एकदाच ऐकायचा.

त्यानं गाडी बंद केली. फोन डाव्या कानाशी घट्ट दाबला. आधी काहीच नाही. मग धडधड. त्याच्याच मशीनची. आणि तिच्याआडून, लांबून...

"भाग्येश... ऐकतोस ना?"

"ऐकतोय! बोल..."

धडधड वाढली.

"बोल ना गं..."

...

स्क्रीन कोरी.

तो तसाच मागं फिरला. मंजुळा टोपली उचलत होती.

"मावशी, हेमालीचा फोन कुणाकडं आहे?"

तिचा हात थांबला. "तिच्यासंगत दर्यात गेला. पन तुला माजी पोर कशी ठाव?"

भाग्येशनं तोंड उघडलं. दाखवणार काय? एक ओळ नाही, एक फोटो नाही.

"ऐकून होतो," एवढंच म्हणाला.

त्या रात्रीपासून त्याचा डावा कान गेला. डॉक्टर म्हणतात, कानात दोष काहीच नाही. नोकरी सुटली. दिवसभर भिंतीकडं बघत बसतो. मैनाबाई मात्र रोज सकाळी त्याची उशी उन्हात नेऊन झटकतात. डावा कान टेकतो, तेवढ्याच जागी...

काळी वाळू. ओली.