फेंगडीच्या ठिपक्यावरचा अंगठा

"फेंगडीला उद्या सकाळी हलवणार? कायमचं?" टकळी ओरडलीच!

"हळू गं! साहेबांचा हुकूम आहे," मावशी म्हणाली. मावशी प्राणिसंग्रहालयात माकडांची देखभाल करायची. सुट्टी लागल्यापासून टकळी, तिचा धाकटा भाऊ ढब्बू आणि शेजारचा चष्मिस तिची पाठ सोडत नव्हते. "भांडणांच्या वहीत दर भांडणाला तिचं नाव आहे. म्हातारी माकडीण भांडकुदळ झालीय म्हणे. कालच मागच्या पिंजऱ्यात कोंडलंय तिला."

"मग आज भांडणं कमी व्हायला हवीत ना?" चष्मिस म्हणाला. "सकाळपासून सात झाली! एरवी दिवसाला दोन होतात."

म्हणजे कुठेतरी घोळ होता!

मावशीकडे आणखी एक वही होती. कोण कोणाच्या उवा वेचतं, याची. साहेबांनी ती कधी उघडलीसुद्धा नव्हती! टकळीने जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर बारा माकडांचे बारा ठिपके काढले. ढब्बू जोड्या वाचायचा, ती त्या दोन ठिपक्यांमधे रेघ ओढायची.

"ढब्ब्या, एकच जोडी किती वेळा वाचतोस?"

"मी काय करू? त्यांनाच उवा फार!"

तासाभराने तिघं साहेबांच्या टेबलापाशी हजर.

"मला वेळ नाही, पोरांनो."

"वेळ नको साहेब, नुसता अंगठा द्या!" टकळी म्हणाली. "फेंगडीच्या ठिपक्यावर ठेवा बरं."

साहेबांनी हसत अंगठा ठेवला, आणि हसू मावळलं. इकडे पाच ठिपके, तिकडे सहा, आणि फेंगडी सोडली तर त्यांना जोडणारी एकही रेघ नाही!

"अरेच्चा! पण मग ती दर भांडणात कशी?"

"सोडवायला जाते! तुमच्या वहीत तिथे असेल त्याचं नाव पडतं. कशाला आली होती, हे कोण लिहितं?"

"मलाही हे सुचलं नाही गं," मावशी पुटपुटली.

तेवढ्यात बाहेर किंचाळ्या! आठवं भांडण! साहेब स्वतः किल्ली घेऊन धावले. मागच्या पिंजऱ्याचं दार उघडताच फेंगडी फेंगडे पाय टाकत गेली आणि दात विचकणाऱ्या दोघांच्या बरोबर मधे, एकाकडे पाठ करून बसली. मग त्याने तिच्या पाठीवरच्या उवा वेचायला घेतल्या. थोड्या वेळाने दुसऱ्यानेही!

"शाबास रे पोरांनो!" साहेब म्हणाले. "सोडवणारीलाच शिक्षा देत होतो मी. कुठेही जाणार नाही ती."

"साहेब," ढब्बू हळूच म्हणाला, "घरी मीपण सोडवायलाच जातो. आमच्या आईला एवढं सांगाल?"