डावीकडचं मागचं चाक

"अहो बाई, तुमचं चाक गळतंय!"

ब्रिटा इतकी दचकली, की हातातल्या मगामधली कॉफी थेट बुटांवर. वायोमिंगच्या त्या डोंगरमाथ्यावर, पाइनच्या झाडांमधल्या त्या कॅम्पात ती सकाळीच येऊन उतरली होती, आणि आल्यापासून कुणाशी अवाक्षर बोलली नव्हती. नुकत्याच गारा पडून गेल्या होत्या. ओल्या मातीचा, राळेचा वास भरून राहिला होता. आणि समोर एक उंच, सावळा तरुण उभा होता… हॅटवरून पाणी निथळतंय, बोट तिच्या ट्रेलरकडे रोखलेलं.

"पाणी आहे ते," ती म्हणाली. "गारांचं."

"पाणी काळं नसतं." तो गुडघ्यावर बसला, चाकाच्या आतल्या कडेवरून बोट फिरवलं, वास घेतला. "ग्रीस. ते आत धरून ठेवणारं सील फुटलंय. मी डारियो ट्रुहियो. तो निळा ट्रेलर माझा. घोड्यांना नाल ठोकतो, त्यामुळे आधी पायांकडेच बघायची सवय."

"माझ्या बघू नका."

"मी चाकांबद्दल बोलत होतो," तो हसला. "तरी… बघितलेच. कॉफी सांडलीय त्यांच्यावर."

एरवी ती हसली असती. पण 'सील फुटलंय' हे शब्द कानात शिरले आणि ती चाकाशी वाकली.

ब्रिटा हाउगेन नर्स होती. काही महिने या गावच्या हॉस्पिटलात, मग पुढच्या गावी. पिकअपमागे जोडलेला तो ट्रेलर म्हणजेच तिचं घर, तिची चूल, तिची खिडकी, सगळं काही. सोमवारी तिला डोंगराच्या पायथ्याशी, केसलर गावात कामावर रुजू व्हायचं होतं. आणि मध्ये होता तो उतार! ज्याचं नाव काढलं तरी भले भले ट्रेलरवाले खाली मान घालून चहाच्या कपात बघत बसतात. मागे वळावं, तर ज्या बाजूने आली तीही तेवढीच उभी. चढताना ब्रेक कुणाला लागतो हो? वर आलेल्याला उतरावं मात्र लागतंच.

"शेवटचं ग्रीस कधी भरलंत?" डारियोने विचारलं.

"आज सकाळी."

"आणि त्याआधी?"

"…काल."

त्याने हॅट काढली. "चाक उचलून, हळूहळू फिरवत भरलंत ना?"

"नाही. उभ्या गाडीलाच. हात दुखेपर्यंत."

"कशासाठी पण?"

तिने एकदम सांगून टाकलं, अनोळखी माणसाला कधी कधी सांगता येतं तसं. दोन वर्षांपूर्वी हाल्वर मामाच्या शेजारी बसून ती असाच एक घाट उतरत होती. ग्रीस संपून चाकातलं बेअरिंग कोरडं पडलं होतं. ट्रेलरचं चाकच निखळलं आणि ते त्यांच्याही पुढे, उड्या मारत, दरीत गेलं… मामा वाचला, पण त्यानंतर काठीशिवाय चालला नाही. तेव्हापासून ती रोज ग्रीस भरायची. जेवायचं विसरेल, ग्रीस नाही.

अति तिथं माती म्हणतात ते उगाच नाही. डारियोने एक चाक काढलं, ब्रेकचा ड्रम ओढला, आणि दोघंही बघत राहिले. ड्रमला आतून घट्ट धरून गाडी थांबवणारे लायनर, फुटलेल्या सीलमधून आलेल्या जास्तीच्या ग्रीसमध्ये न्हाऊन निघाले होते. बोट लावलं तर बोट घसरत होतं. बाकीची तिन्ही चाकं उघडली, तीही तशीच.

"या ब्रेकांवर उतरायला लागला असतात, तर…" त्याने वाक्य अर्धवट सोडलं. तिने ते मनातल्या मनात पुरं केलं.

दुसऱ्या दिवशी डारियो आपली पिकअप घेऊन केसलरला गेला. नवे लायनर, नवी सीलं, ड्रम धुवायचा फवारा, सगळं घेऊन दुपारी परत आला. परत येईपर्यंत ब्रिटा कॅम्पच्या फाटकाशी जाऊन किती वेळा उभी राहिली, हे तिने कुणालाही सांगितलं नाही.

"मीच करणार," ती म्हणाली. "दुसऱ्याने केलेल्या ब्रेकवर माझा जीव थाऱ्यावर राहायचा नाही."

"कर की. एक चाक मी करून दाखवतो, डावीकडचं मागचं. उरलेली तीन तुझी."

तुम्हीचं तू कधी झालं, दोघांच्याही लक्षात आलं नाही.

त्याने तळहातावर ग्रीसचा गोळा घेतला आणि बेअरिंगची कड त्यावर दाबत राहिला. "असं. दाबत राहायचं. दुसऱ्या बाजूने डोकं वर काढेपर्यंत."

तिने करून पाहिलं. ग्रीस मनगटावर, कोपरावर, सगळीकडे. बेअरिंगच्या आत सोडून!

"लाजतंय ते," तो म्हणाला. "जरा प्रेमाने."

"तू घोड्यांशी पण असंच बोलतोस?"

"घोड्या जास्त ऐकतात." त्याने तिच्या हाताखाली आपला हात धरला. "हं… आता."

ग्रीस वर आलं. त्याचा हात तिथेच राहिला, कामाला लागत होता त्यापेक्षा जरासा जास्त वेळ. मग लाकडाचा तुकडा ठेवून, हातोडीने हलके हलके ठोकत नवं सील बसवलं. मागच्या फटीतून स्क्रू-ड्रायव्हर घालून ब्रेकचं दातेरी चक्र आवळायचं, चाक अडेपर्यंत. मग काही दाते मागे घ्यायचे, म्हणजे चाक मोकळं फिरतं आणि लायनर नुसते घासून जातात. ब्रिटाने तीन चाकं केली, आणि प्रत्येक पुन्हा पुन्हा फिरवून कान लावून ऐकलं.

रविवारी सकाळी निघायची वेळ झाली. आभाळ भरून आलं होतं. डारियोने आपला ट्रेलर कॅम्पातच सोडला आणि नुसती पिकअप आणून तिच्यासमोर उभी केली.

"मी पुढे राहतो. ही वॉकीटॉकी घे, चालू ठेव."

"पुढे?" तिला क्षणभर कळेना. मग कळलं. "वेडबिड लागलंय का तुला? माझे ब्रेक लागले नाहीत तर मी सरळ तुझ्यावरच येईन!"

"म्हणून तर. तुझ्यापुढे कुणीतरी असेल तर तू नीट चालवशील."

"डारियो, मागे हो."

"नाही."

"तुला काही झालं ना…" ती म्हणाली. ओळख ती केवढी, दोन दिवसांची! आणि या माणसाला काही होईल या विचारानं छातीत असं का व्हावं? ती घाबरली होती उताराला. आता भीती दुप्पट झाली होती.

"निघूया," तो म्हणाला. "पाऊस यायच्या आत."

पहिलं वळण… दुसरं. गियर खालचा, हात स्टिअरिंगला चिकटलेले. मागून ट्रेलरचं सगळं वजन ढकलत होतं. पुढे त्याच्या पिकअपचे लाल दिवे. उजवीकडे दरी, आणि दरीत धुकं.

"काय खाणार खाली गेल्यावर?" वॉकीटॉकीतून आवाज आला.

"गप्प बस."

"हिरव्या मिरचीचं कालवण येतं मला. माझ्या आईचं. रडवतं माणसाला."

"मी आत्ताच रडतेय, मूर्खा."

आणि तेवढ्यात वास आला. जळकट, करपलेला. तोच वास! मामाच्या गाडीतला.

"डारियो! जळतंय काहीतरी."

तिकडून हळू आवाज आला, "नवे लायनर असतात… पहिल्यांदा वास येतो. किंवा एखादं चाक अडतंय. मला इथून कळत नाही, ब्रिटा. खोटं कशाला सांगू."

पुढे पाटी दिसली. ब्रेक गेलेल्या गाड्यांसाठी बाजूला खोल खडीचा चढ केलेला होता. त्यात गाडी घातली की जीव वाचतो, पण घराचे तुकडे होतात. फाटा जवळ येत होता.

"तू बाजूला हो!" ती ओरडली.

"नुसते ट्रेलरचे ब्रेक दाब. हाताची कळ. ट्रेलर मागे ओढतोय का, सांग."

"आधी तू बाजूला हो!"

"दाब, ब्रिटा."

तिने कळ दाबली. क्षणभर काहीच नाही… आणि मग मागून ट्रेलरने पिकअपला धरलं, घट्ट, दमदार. वेग उतरला. त्याचे लाल दिवे लांब गेले. खडीचा फाटा बाजूने निघून गेला.

"धरतोय," ती म्हणाली. एवढंच.

पायथ्याशी मोकळी जागा आली, तिथे तिने गाडी थांबवली. ती खाली उतरली. पावसाचे थेंब पडायला लागले होते. डारियो धावत आला, तिच्याकडे बघितलं, आणि थेट चाकांपाशी गेला. हाताच्या पालथ्या बाजूने एकेका चाकाचा मधला भाग चाचपू लागला. पहिलं कोमट. दुसरं कोमट. तिसरं कोमट. तिची तिन्ही.

चौथ्याला त्याने हात लावला आणि चटकन मागे ओढला. त्याच्यावर पडलेला थेंब चर्रर्र करून उडाला.

डावीकडचं मागचं चाक.

"हे तर तू केलंस," ब्रिटा म्हणाली.

तो ओल्या मातीत तसाच खाली बसला. चेहऱ्यावरचा सगळा खेळकरपणा पार उतरला होता. "मी दाते बरोबर मागे घेतले होते. मग तुझ्याकडे लक्ष गेलं. तू पलीकडे चाकाला कान लावून बसली होतीस, डोळे मिटून. आणि मला वाटलं, हिचे ब्रेक लागलेच नाहीत तर? मी हा ब्रेक पुन्हा आवळला. तुला न सांगता."

"आणखी थोडा उतार असता तर बेअरिंग जळलं असतं! चाक गेलं असतं! मामासारखं!"

"हो."

"आणि वर पुढे गाडी घालून बसलास!"

"मला खाली पोचल्यावर तू हवी होतीस," तो म्हणाला. "नाहीतर खाली पोचून मी काय करणार होतो? लाथाळ घोड्याच्या पायाशी बसतो मी रोज, तिथे भीती वाटत नाही. आरशात तुझी गाडी दिसेनाशी झाली की वाटायची."

तिला त्याच्या कानाखाली एक द्यावीशी वाटली, आणि त्याच हाताने त्याचा चेहरा धरावासा वाटला. दोन्ही इतकं एकदम, की ती नुसती त्याच्यासमोर मातीत बसली आणि रडता रडता हसायला लागली. चारही चाकांत घाबरून ग्रीस कोंबणारी बाई, आणि घाबरून ब्रेक आवळणारा हा!

त्याने हात पुढे केला. तिने तो धरला.

"ब्रिटा… काहीतरी बोल."

"जॅक काढ," ती म्हणाली. "ते चाक सैल करू आपण दोघं मिळून. आणि हे बघ, यापुढे माझ्यासाठी घाबरायचं असेल ना, तर मला सांगून घाबर."