किनाऱ्यावरचे ठिपके

ही २०४१ सालची गोष्ट. तेव्हा रत्नागिरीकडे कोळंबी अजून बायकाच सोलत. बर्फाच्या पाण्यानं बोटं पांढरीफटक पडत आणि संध्याकाळी लिंबू चोळचोळून हात धुवावे लागत. शेडमधल्या त्या गप्पा, ती हसणी आता कुठं ऐकू येत नाहीत.

त्या वर्षी शेडच्या संडासात प्रत्येक दाराच्या आतून वाटीएवढा एक दिवा बसला. भांड्यातली पातळ चकती लघवीबरोबर वाहून आलेल्या जंतूंची कुळी ओळखायची. यंत्राचं नाव जंतुदर्शक, पण बायका त्याला ‘नाक’ म्हणत. योनीत दह्यातल्या जंतूंचे भाऊबंद राहतात. ते आंबटपणा टिकवून बाकीच्या जंतूंना आवरून धरतात. ते पुरेसे असले की दिवा पांढरा. ते हटले आणि भलत्यांची गर्दी झाली की राखाडी. या दुखण्यात अंगावरून जातं, माशासारखा वास येतो, पुष्कळदा काहीच कळत नाही.

“इथं कोणाचा वास कोणाला येणार गो?” मंदा म्हणायची. “सगळ्याच बांगडे आपण.”

हेमांगी पावसकर हसली नाही. तिला चौथा महिना होता. आधीची दोन मुलं सहाव्यात गेली होती आणि तिचा दिवा राखाडी होता.

तपासणीला येणाऱ्या डॉक्टर शबाना मुकादम यांनी गोळ्या दिल्या. दिवा पांढरा झाला. थोड्याच दिवसांत पुन्हा राखाडी.

“आतून काही लावतेस? धुतेस?”

“आई पाणी काढून ठेवतात. तुरटीचं. शेडवरून आल्यावर आधी ते, मग घरात पाऊल.”

डॉक्टरांनी सासूला बोलावलं. सुलोचनाबाई पदर सावरून खुर्चीच्या कडेला बसल्या. “मासळीचा वास घेऊन पोटुशी बाई घरात येत नाही आमच्यात. माझ्या सासूनं मला हेच शिकवलं.”

“त्या पाण्यानं चांगले जंतू धुऊन जातात, मावशी. मग दुसरे माजतात. बाळ वेळेआधी येण्याचा धोका वाढतो.”

“माझी तीन गेली,” सुलोचनाबाई म्हणाल्या. “माझा विश्राम चौथा.”

“त्यामुळंच गेली असं मी म्हणणार नाही.”

“नका म्हणू. पण मला तेव्हा कोणी विचारलंच नाही, आतून काय करतेस म्हणून.”

त्या संध्याकाळी मोरीतलं तुरटीच्या पाण्याचं पातेलं पालथं पडलं होतं. गोळ्या पुन्हा झाल्या. दिवा पांढरा झाला आणि पांढराच राहिला. हेमांगी रोज दार लावून त्याच्याकडे देवाकडे पाहावं तशी पाहायची.

मग नवरा आला. विश्राम ट्रॉलरवर खलाशी होता. गुजरातेतल्या मांगरोळपासून कर्नाटकातल्या मालप्यापर्यंत बोट फिरायची. तो थोडे दिवस राहिला, बाळाच्या लाथा हाताला लागतात का पाहून हसला आणि परत गेला. तो गेला आणि दिवा राखाडी झाला.

“आता नवऱ्यालाही औषध द्यायचं,” डॉक्टर म्हणाल्या. “हे जंतू पुरुषाकडे मुक्काम करतात, त्याला मात्र कळतही नाही.” त्या कपाटातून गोळ्या काढायला उठल्या. टेबलावरचा संगणकाचा पडदा तसाच उघडा राहिला.

पडद्यावर किनाऱ्याचा नकाशा होता. यंत्रात नवीनच सोय आली होती: हेमांगीकडे होते अगदी त्याच कुळीचे जंतू किनाऱ्यावरच्या ज्या ज्या शेडमधल्या दिव्याला सापडतील, तिथं ठिपका. एक रत्नागिरीला. एक वेरावळला. एक कारवारला, एक मालप्याला. हेमांगी पाहत असतानाच मांगरोळला आणखी एक उमटला, कोणीतरी अंधारात डोळा उघडावा तसा.

गेल्या आठवड्यात विश्रामची बोट मांगरोळला होती.

डॉक्टरांनी वळून पडदा बंद केला, पण उशीर झाला होता.

“हे ठिपके म्हणजे बायका?”

“जंतूंवर कोणाचं नाव नसतं, हेमांगी. यावरून कोणाला काही म्हणता येत नाही.”

“नाव नकोच मला. मांगरोळची पोटुशी आहे का?”

“मला ते दिसत नाही.”

“तिलाही कोणी पाणी काढून ठेवत असेल तर?”

डॉक्टरांनी गोळ्यांची पाकिटं तिच्या हातात दिली.

पुढच्या खेपेला विश्राम दारात चपला काढतो न काढतो तोच सुलोचनाबाई तांब्या आणि गोळी घेऊन उभ्या राहिल्या.

“मला कशाला? मला काय झालंय?”

“तुला काही होत नाही, हेच झालंय. गीळ.”

त्यानं बायकोकडे पाहिलं. ती लसूण सोलत होती. तिनं मान वर केली नाही. त्यानं गोळी गिळली.

हेमांगीला पुऱ्या दिवसांची मुलगी झाली. ती मुलगी आता गोव्याला बोटींची इंजिनं दुरुस्त करते. विश्रामनं पुढच्या वर्षी समुद्र सोडला आणि जाळी विणायला बसला. का, ते घरात कोणी विचारलं नाही. सुलोचनाबाई हातपाय चालत होते तोवर गावातल्या नव्या सुनांच्या घरी जात, सासूदेखत तो एकच प्रश्न विचारत: आतून काय करतेस? त्यांच्या माघारी मंदा विचारू लागली. शेडच्या मालकांनी ठिपक्यांचा नकाशा मागितला, तेव्हा डॉक्टर मुकादमांनी तो देण्याऐवजी पुसून टाकला. त्यांची लांब बदली झाली. कोळंबी आता यंत्रं सोलतात. शेड रिकामी आहे, दिवे मात्र अजून जळतात म्हणे.

पुसण्याआधी हेमांगीनं एकदाच तो नकाशा पुन्हा पाहायला मागितला होता. रत्नागिरीचा ठिपका गेला होता, मांगरोळचाही. डॉक्टर म्हणाल्या, बाई बरी झाली असेल. हेमांगीनं मान हलवली. पण लेकीच्या प्रत्येक वाढदिवसाला तिला तो ठिपका आठवतो. ती बाई बरी होऊन तो विझला, की मांगरोळच्या दिव्यासमोर ती पुन्हा आलीच नाही?