आखाजीची मुऱ्हाळी

भुताखेतांवर विश्वास ठेवणारी बाई मी नाही, हे आधीच सांगते. त्र्याण्णव-चौऱ्याण्णव साली जळगावच्या एका दवाखान्यातर्फे मी कॅन्सरच्या शेवटच्या टप्प्यातल्या माणसांच्या घरी जायचे. काम काय, तर शेजारी बसायचं आणि ऐकायचं. सासूबाई म्हणायच्या, "एवढ्याचा पगार मिळत असेल तर मला कलेक्टर करा."

आखाजीच्या, म्हणजे अक्षय्यतृतीयेच्या दुपारी एरंडोलजवळच्या खेड्यात द्रौपदाबाईंकडे गेले. ओट्यावर पितरांची घागर भरलेली होती, वर डांगर, म्हणजे खरबूज ठेवलेलं. लग्नाआधीच तापानं गेलेल्या लेकीची, मंजुळेची घागर. द्रौपदाबाईंच्या घशाखाली चार दिवसांत पाण्याचा थेंब उतरला नव्हता. नवरा, पितांबर आबा, 'तुला टायफाइड झालाय' असं बाईंना सांगत. बाईंना सगळं कळत होतं, पण आबांना वाईट वाटेल म्हणून त्याही गप्प. एका घरात दोघंही एकटे पडले होते.

आबांनी मला दारातच गाठलं. "सिस्टर, झोपेची सुई द्या. सकाळपासून ती निंबकडे पाहीसन बोलस."

अंगणातल्या निंबाला, न्यायला गेलेल्या मुऱ्हाळ्याबरोबर माहेरी येणाऱ्या लेकींसाठी झोका बांधला होता. वारा अजिबात नव्हता. पान हलत नव्हतं. रिकामा झोका मात्र सावकाश येत-जात होता... दोर कुरकुरत होता. पण मला एकच काम येत होतं.

"सुई नको, आबा. तिला काय दिसतंय, ते विचारा."

ते खाटेशी बसले. "काय दिखस तुले?"

"मंजुळा... मुऱ्हाळी व्हईसन उनी शे. माले लेवाले." बाई थांबल्या. "धाडतस का माले?"

आबा तिच्या कानाशी वाकले.

"टायफाइड नही शे, द्रौपदा..."

"माले ठाऊक शे."

त्यांनी तिचा हात छातीशी धरला आणि रडले. मलाही रडू आवरलं नाही. "जाय," ते म्हणाले. "मनी काळजी करू नको."

दिवेलागणीला बाई शांतपणे गेल्या. तोंड पुसायला वाकले, तर ओठ ओलेचिंब होते. ओट्यावर डांगर जागचं हललं नव्हतं, पण खालची घागर निम्मी झाली होती.

पुढच्या आखाजीला मी मुद्दाम गेले. आबांनी दोन घागरी भरल्या होत्या. झोका हलत होता. मी सहज त्याच्या फळीकडे वळले, तसे आबा हळूच म्हणाले,

"सिस्टर, तठे नका बसू... आता जागा नही."