सरळ टाक्यांची गोधडी

खिडकी काही लागत नव्हती.

मुलाच्या घरात माईंना मिळालेल्या खोलीला एकच खिडकी, आणि तिची कडी महा आडमुठी. मुलानं तेल घालून पाहिलं. सुनेनं पुठ्ठ्याची घडी खुपसली. घरमालकानं सुतार धाडला, तो बराच वेळ खुडबुड करून, चहा पिऊन, मान हलवत निघून गेला. खिडकी आपली वाऱ्याबरोबर खडखडतच राहिली.

"एवढा मोठा देश, आणि यांना एक खिडकी लावता येईना," माई म्हणाल्या. "आणि हे म्हणे मला कायमचं राहू द्यायचं की नाही ते ठरवणार!"

ते मात्र खरंच त्यांनीच ठरवायचं होतं. माई आल्या होत्या पाहुणी म्हणून. कायमच्या परवानगीचा अर्ज मुलानं केव्हाच टाकला होता, पण उत्तर येत नव्हतं. इकडे पाहुणीची मुदत सरत आली होती आणि तिकडे सुनेचे दिवस भरत आले होते. परवानगी आधी आली तर नातवंडाची पहिली अंघोळ माईंच्या पायांवर. मुदत आधी संपली तर माई विमानात, आणि अंघोळ कुणा पगारी बाईच्या हातून.

हे माईंनी कुणाजवळ बोलून दाखवलं असतं तर त्या माई कसल्या. त्या एवढंच म्हणायच्या, "मला काय धाड भरलीय! माझं घर आहे तिकडे. कुलूप लावताना त्याला 'येते' म्हणून आलेय." किल्ली त्यांच्या कनवटीला होती. पण दुपारी सून आडवी झाली की माई तिच्या पायथ्याशी बसून राहायच्या, आणि पोटावरची चादर जरा हलली की एकट्याच हसायच्या.

या शहराशी माईंचं जुनं वाकडं होतं. लग्न नवं असताना यजमानांना इथंच काम मिळालं होतं. पेटी भरली, नातेवाईक निरोपाला जमले, आणि निघायच्या सकाळी माईंनी "मी नाही यायची" म्हणून पेटीचं झाकण आपटलं, ते स्वतःच्याच बोटावर. यजमानांनी हळद लावली, पेटी रिकामी केली आणि जन्मात पुन्हा तो विषय काढला नाही. माईंच्या उजव्या हाताचं पहिलं बोट मात्र तेव्हापासून वाकडं ते वाकडंच. त्याच हातानं त्यांनी अख्ख्या गल्लीच्या गोधड्या शिवल्या. टाका डावीकडे कलायचा, वाऱ्यानं कललेल्या ज्वारीसारखा. कुठल्याही दोरीवर गोधडी वाळत असली तरी लांबून कळायचं, ही माईंची.

तर एका सकाळी माई सुनेबरोबर कोपऱ्यावरच्या पाववाल्याकडे गेल्या. दुकानात भट्टीची ऊब होती, काचेवर वाफ धरली होती. कोपरापर्यंत पीठ माखलेला आडवातिडवा माणूस गल्ल्यामागून वळला, माईंना पाहिलं आणि दोन्ही हात पसरून चक्क मराठीत ओरडला,

"आलात एकदाच्या!"

सून थक्क. "यांना मराठी येतं? मी रोज पाव नेते, माझ्याशी कधी चकार शब्द बोलले नाहीत."

"तुझा चेहराच तसा," माई पुटपुटल्या, पण त्याही चपापल्या होत्या.

मागे पोऱ्यानं तवा पाडला. पाववाला गर्रकन वळून त्याच्यावर खेकसला, "डोळे आहेत का गुंड्या!"

माईंच्या हातातली पिशवी खाली आली. ही शिवी त्यांची स्वतःची होती. कुणाकडून उसनी घेतलेली नव्हती. शिवताना सुई हरवली की तोंडून निघायची, ती पुढे यजमान, मुलगा, दूधवाला सगळ्यांच्या वाट्याला आली होती.

"हे तुला कुणी रे शिकवलं?"

"काय हे, बाई! तुम्हीच शिकवला!" तो खदखदून हसला आणि न विचारताच फळीच्या तळातून एक पाव काढून त्यांच्या हातात ठेवला. एका कडेनं करपलेला. "तुमचा."

करपलेली कड माईंना आवडते हे यजमान गेल्यापासून कुणालाच ठाऊक नव्हतं.

घरी येताना माईंनी हिशेब लावून टाकला. "माझ्यासारखी दुसरी कुणी असेल म्हातारी. आपल्याकडचीच. सुरकुत्या पडल्या की सगळ्या सारख्याच दिसतो गं आम्ही."

"तुमच्यासारखी दुसरी?" सून म्हणाली. "देव करो आणि नसो."

"तोंड बघ केवढं! पोटातल्यानं ऐकलं तर माझ्या बाजूनं बोलेल तो."

पण ते तिथं थांबलं नाही. चांभारानं दुकानाबाहेर येऊन माईंच्या चपलेचा अंगठा पाहिला आणि पैसे न घेता दोन टाके मारून दिले. टपाल वाटणारी बाई सायकलवरून हात करायची. खालच्या मजल्यावरची शेजारीण, हसतमुख पोरगी, जिन्यात माईंची पिशवी हिसकावून घ्यायची आणि मोडक्यातोडक्या मराठीत म्हणायची, "तुम्ही थकला. बसा. दम खा." तिचा मुलगा, शाळेत जाणारा, येताजाता माईंच्या पदराला तोंड पुसायचा.

खरं सांगायचं तर माईंना ते आवडायला लागलं. गावात नवी सून म्हणून आल्या तेव्हा ओळख व्हायला वर्षं गेली होती, इथं आयती मिळत होती. रोज सकाळी त्या केस नीट विंचरून खाली उतरायच्या आणि रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी रामराम घेत जायच्या. मुलगा म्हणायचा, "माई, मी या शहरात इतकी वर्षं काढली, मला कुत्रं ओळखत नाही."

"ओळखेल कसं? मान खाली घालून चालतोस, बापासारखा."

एकच गोष्ट त्यांना टोचायची. सगळे विचारायचे, पाय कसा आहे? माईंचा पाय ठणठणीत होता.

मग एका दुपारी चौकशीला अधिकारी बाई आली. किरकोळ अंगाची, चष्मा डोक्यावर, बूट दाराशी नीट जोडीनं ठेवणारी. माईंना ती तेवढ्यावरून पसंत पडली. तिनं खोल्या पाहिल्या, सुनेकडे बघून हसली, मुलाला चार प्रश्न विचारले. सगळं लोण्यासारखं चाललं होतं. उठता उठता तिनं विचारलं, "शेजारी काय म्हणतात?"

शेजाऱ्यांना कुठून वास लागला देव जाणे. तोवर दारात सगळे हजर. पाववाला पिठासकट, चांभार, खालची शेजारीण. प्रत्येकाला माईंसाठी बोलायचं होतं. त्यांच्या भाषेत सगळे एकदम बोलू लागले. माई ऐटीत बसून ऐकत होत्या. मग त्यांचं लक्ष मुलाच्या तोंडाकडे गेलं. ते पांढरं पडलं होतं.

"काय म्हणतायत रे?"

"म्हणतायत, तू इथं वर्षानुवर्षं राहतेस. शेजारीण म्हणते, तिचा मुलगा झाला तेव्हा तू दाई होतीस."

अधिकारी बाईनं डोक्यावरचा चष्मा डोळ्यांवर घेतला. माई तर आत्ता कुठे पाहुणी म्हणून आलेल्या. मग आधीची वर्षं त्या इथं चोरून राहत होत्या की काय? तसं असेल तर परवानगी विसराच, पहिल्या विमानानं परत.

"सांग तिला, हे लोक चुकतायत!"

मुलानं सांगितलं. शेजारणीला ते फार लागलं. माई आपल्याला ओळखच देत नाहीत! ती तडातडा जिना उतरली आणि वर आली ती छातीशी एक गोधडी धरून.

"तुम्ही दिला," ती माईंना म्हणाली. डोळ्यांत पाणी. "बाळ झाला तेव्हा."

माईंनी गोधडी मांडीवर घेतली.

जुनी होती, धुऊन धुऊन मऊ पडलेली. मध्ये चौकोन, भोवती पट्ट्या, माईंच्याच मांडणीच्या. त्यांचा हात आपसूक चौथ्या कोपऱ्याकडे गेला. प्रत्येक गोधडीच्या चौथ्या कोपऱ्यात त्या आतून एक लाल तुकडा लावायच्या, कुणाला दिसू नये असा. त्यांनी कोपरा उलटला.

लाल तुकडा होता.

आतल्या खोलीतली खिडकी तेवढी खडखडत होती.

माईंनी गोधडी उजेडाकडे तिरकी धरली. बराच वेळ बघत राहिल्या. मग सुनेला म्हणाल्या, "सुई-दोरा आण."

त्यांनी त्याच गोधडीच्या कडेला, जुन्या ओळीच्या खाली, एक वीतभर ओळ घातली. आणि अधिकारी बाईपुढे धरली.

वरची ओळ ताठ होती, फुटपट्टीनं आखल्यासारखी. खालची डावीकडे कललेली.

"हे बोट," माई म्हणाल्या आणि हात पुढे केला. "तरुणपणी मोडलं. तेव्हापासून मला सरळ टाका घालताच येत नाही. म्हणावं, अख्ख्या गावाला विचार."

अधिकारी बाईनं दोन्ही ओळींवरून नख फिरवलं. मान हलवली. दोन माणसांचं काम आहे, ती म्हणाली, हे आंधळ्यालाही कळेल. चष्मा परत डोक्यावर गेला. ती चक्क हसली, आणि बूट घालून गेली.

मुलानं सुस्कारा सोडला. सून रडत हसत होती.

शेजारणीनं मात्र माईंचा हात अजून धरलेला होता. ती ते बोट उलटसुलट करून पाहत होती.

"त्यांचा बोट सरळ," ती म्हणाली, आणि हात हळूच सोडला.

पाववाला माईंच्या पायांकडे बघत होता. "त्या लंगडत," तो म्हणाला.

"कोण त्या? नाव काय त्यांचं?"

"माई."

"राहायच्या कुठं?"

शेजारणीनं खडखडत्या खिडकीच्या खोलीकडे बोट केलं. मग मुलाला तिच्या भाषेत काहीतरी सांगितलं. मुलानं ते माईंना सांगितलं, पण सांगताना तो त्यांच्याकडे बघत नव्हता. "ती म्हणते, त्या रोज म्हणायच्या, एकदा घरी जायचंय. मग एक दिवस दिसेनाशा झाल्या. घर थोडे दिवस रिकामं राहिलं, मग आपण भाड्यानं घेतलं. पुढे तू आलीस. यांना वाटलं, मुलाला आणायला गेल्या होत्या, आल्या परत."

मग माईच उठल्या.

"चहा टाक गं," त्या सुनेला म्हणाल्या. "एवढी माणसं दारात उभी. नाहीतर राहू दे, तू बस. मी टाकते."

परवानगी आली, आणि तिच्या मागोमाग नात आली. जणू पोरगी पोटात वाटच बघत थांबली होती. पहिली अंघोळ माईंच्या पायांवर झाली. पोरीनं असा काही टाहो फोडला की खालच्या मजल्यावरून टाळ्या आल्या. "गळा माझ्यावर गेलाय," माई सगळ्यांना सांगत सुटल्या. पाववाल्यानं टोपलीभर पाव आणले, त्यात एक करपलेला. शेजारणीनं पोरीला मांडीवर घेतलं. तिनं आता माईंना आपलं मानलं होतं, त्या ज्या कुणी असतील त्या. घरात असा गलका की पाळण्याची दोरी कुणाच्या हातात आहे तेही कळेना. माईंना वाटलं, आपण उगाच त्या झाकणावर एवढा राग काढला.

दुसऱ्या सकाळी पोर झोपल्यावर त्यांनी गावाकडे समोरच्या ठकूला फोन लावला. घराचं काय करायचं ते सांगायला हवं होतं. किल्ली पाठवून देते, कुलूप काढ, दाराच्या कुंड्या तुझ्याकडे ने.

"ठकू, अगं मी माई."

पलीकडून ठकू फस्सकन हसली. "काय चेष्टा लावलीय माई! समोरच्या ओट्यावर बसून फोन कसले करता? हाक मारायची की."

माईंनी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"आणि काय हो, तिकडच्या डॉक्टरांनी बोट मात्र झकास सरळ करून दिलंय. टाके बघते ना मी इथून, मोत्यांची ओळ नुसती. पायाचं तेवढं—" ठकू थांबली. तिचा श्वास ऐकू आला. "माई, तुमच्या हातात तर फोन नाहीये."

माईंनी कनवटीला हात लावला. किल्ली होती.

रागवायला हवं होतं. पण डोळ्यांपुढे आला तो आपला ओटा, दुपारचं ऊन, आणि लांबून दमून आलेलं कुणी.

"ठकू," त्या म्हणाल्या, "तिला विचार, जेवली का."

ठकूनं घाबऱ्याघुबऱ्या हाक मारून विचारलं. दुरून उत्तर आलं. माईंनी तो आवाज जन्मभर आतून ऐकला होता, बाहेरून पहिल्यांदाच ऐकत होत्या.

"जेवले म्हणावं. आणि पोरीला वारा लागेल, ती खिडकी लावून घे म्हणावं तिला. कडी आधी वर उचलायची, मग उलटी फिरवायची. डोळे आहेत का गुंड्या!"

माईंनी फोन खाली ठेवला. पाळण्यात नात मुठी आवळून झोपली होती. त्या खिडकीपाशी गेल्या. कडी वर उचलली, उलटी फिरवली.

खिडकी लागली.