खिशातला डावा हात

पहिल्याच भेटीत तिनं त्याच्या हातावर सणसणीत फटका मारला.

"अहो! प्लग काढलाय मी!" तो कळवळला. शाळेत गाणं शिकवणारा हा तरुण मास्तर बिघडलेला अ‍ॅम्प्लिफायर घेऊन, ती काम करायची त्या तिच्या मामांच्या दुरुस्तीच्या दुकानात आला होता, आणि झाकण निघताच कौतुकानं आत बोट घालायला निघाला होता.

"प्लग काढला तरी आत करंट साठून राहतो. उद्या मुलांना गाणं शिकवायचंय ना?"

मास्तरचं तोंड असं उघडं राहिलं, की तिला हसू आवरेना.

मग त्या अ‍ॅम्प्लिफायरला रोज काही ना काही होऊ लागलं. कधी घुमायचा, कधी खरखरायचा. मामा म्हणायचे, "एवढ्या वेळा तर लेकसुद्धा माहेरी येत नाही!" ती चालू मशीनवर वाकायची आणि मास्तर समोरच्या स्टुलावर ठाण मांडायचा.

"आवाज कसा वाटतो?" तो विचारायचा.

"कुणाचा? ह्याचा की तुमचा?"

"दोन्ही..."

"ह्याचा बरा आहे. तुमचा — उघडून बघावा लागेल."

तो गेला की दुकान उगाच मोठं वाटायचं. तिला तो आवडायला लागला होता, अगदी मनापासून.

आज मात्र तो स्टुलावर बसला नाही. ती शेवटची चाचणी घेत होती, तेवढ्यात तो म्हणाला, "मी दुसऱ्या गावच्या शाळेत चाललोय. उद्याच. आणि... अभिनंदन."

"कशाबद्दल?"

"आता कशाला लपवता? मी आलो की तुमचा डावा हात एप्रनच्या खिशात जातो. आत्ताही तिथंच आहे. बोटात अंगठी आहे ना? लग्न ठरलंय ना तुमचं?"

मामांचा चहा बशीत सांडला.

"अहो — चालू मशीनला दोन्ही हात लागले, तर करंट ह्या हातातून त्या हातात जातो. मधल्या काळजातून! म्हणून एक हात खिशात. मामांनी पहिल्या दिवशी शिकवलंय. तुम्ही... तुम्ही एवढ्यासाठी गाव सोडताय?"

मास्तर पांढराफटक पडला. "मी तर होकार कळवून बसलोय..."

तिनं मशीन बंद केलं. प्लग काढला. आतला करंट नीट उतरवला. मग दोन्ही हात टेबलावर ठेवले, रिकामे.

"बघून घ्या. आणि जाऊ नका."

"हात धरू? फटका नाही ना मारणार?"

"ते धरल्यावर कळेल."

त्यानं हात धरला. फटका बसला नाही. मामांनी खाकरून टेबलावरचा फोन पुढे सरकवला. "त्या शाळेला आधी नाही म्हणून सांगा, मास्तर."

मास्तरनं एकाच हातानं नंबर फिरवला. दुसरा हात तिनं सोडलाच नाही.